भांगाचं पाणी

आई गेली त्याच वर्षी माझी बदली पेणहून रोह्याच्या टेलिफोन एक्स्चेंजला झाली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. वडील आधीच गेलेले. थोरला भाऊ नोकरीमुळे मध्य प्रदेशात राहायचा. आईच्या आजारपणात माझ्या लग्नाचा विषय आधी पुढे ढकलला गेला आणि मग तो कोणी काढेनासं झालं. पेणच्या घराला कुलूप लावलं, दोन ट्रंका आणि वडिलांचा ग्रामोफोन एवढंच घेऊन रोह्याला आले. ग्रामोफोन चावीचा होता, बॅगेसारखा बंद होणारा. आईच्या शेवटच्या वर्षात तो कोणी लावलाही नव्हता. तरी तिथे ठेवून यायला मन झालं नाही.

कुंडलिकेकडे उतरणाऱ्या एका आळीत मला खोली मिळाली. एका लांब पडवीवर दोन खोल्या होत्या. एक माझी, दुसरीत एक म्हातारे गृहस्थ राहायचे. घरमालक गावाबाहेर राहत असे. एक्स्चेंजमध्ये दिवसभर कानाला हेडफोन असायचा. कुणाला मुंबई हवी, कुणाला महाड. लोकांचे आवाज मी एकमेकांना जोडून द्यायची आणि बाजूला व्हायची. संध्याकाळी ड्यूटी संपली की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसायचं. कधी कधी भाजीवालीशी मी विनाकारण दोन वाक्यं जास्त बोलायची आणि नंतर मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

शेजारचे काका तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून बसत आणि लोकांना अर्ज लिहून देत. सातबाऱ्याचा अर्ज, वारसाचा अर्ज, बांध फुटला म्हणून मदतीचा अर्ज. साठी उलटलेली होती, पण शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं आणि पायात पॉलिश केलेले बूट. त्या आळीत बूट घालणारे तेवढे एकटेच. पहिल्या तीन महिन्यांत ते माझ्याशी जे बोलले ते एवढंच की नळाला पाणी आलंय.

एका रविवारी सकाळी मी ग्रामोफोन पुसून लावला. वरचीच रेकॉर्ड घेतली. आईच्या आवडीचं गाणं होतं. सुरुवातीला सॅक्सोफोन, मागे पियानो आणि ड्रमचा हलका ठेका, आणि मग एका बाईचा पातळ, गोड आवाज. चांदीच्या पाण्यात होडी निघंना, असं काहीसं. आई पोळ्या लाटताना ते गुणगुणायची. गाणं संपत आलं तेव्हा दारात कोणीतरी उभं असल्याचं जाणवलं. काका होते.

"तिसऱ्या ओळीत चूक आहे ती," ते म्हणाले.

मला वाटलं सुई अडकते आहे असं त्यांना म्हणायचंय. मी सुई बदलायला घेतली.

"सुई नाही, ताई. शब्द. चांदीच्या पाण्यात नाही, भांगाच्या पाण्यात. मी भांगाच्या लिहिलं होतं."

एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले. मी रेकॉर्ड उचलून लेबल पाहिलं. गाणारीचं नाव होतं, कंपनीचं चिन्ह होतं, बँडसह असं छापलेलं होतं. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. माझ्या आईने वीसपंचवीस वर्षं जे गाणं गुणगुणलं ते या माणसाने लिहिलं, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. दुपारी मी चहा करून त्यांच्या दारावर टकटक केली आणि भांग म्हणजे काय ते विचारलं.

त्यांनी अगदी अर्ज लिहून देताना समजावतात तसं समजावलं. पुनवेला आणि अवसेला खाडीला मोठं पाणी येतं, त्याला उधाण म्हणतात. त्यानंतर सातआठ दिवसांनी, अष्टमीच्या सुमाराला, पाण्याचा जोर अगदी कमी होतो. भरती येते पण अर्धीच. तो भांग. तेव्हा लहान खाड्यांमध्ये होडी चिखलातच बसून राहते. हा खाडीकडच्या लोकांचा रोजचा शब्द होता. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी गाणाऱ्या बाईंनी तो वाचला आणि त्या हसायला लागल्या. हे काय, भांग पिऊन होडी चालवताय का, म्हणाल्या. कंपनीच्या साहेबालाही शब्द पटला नाही. उभ्या उभ्या चांदीच्या केलं.

"आता तुम्हीच सांगा," काका म्हणाले, "चांदीसारखं पाणी भरलंय तर होडी न निघायला काय झालं? कोणीही विचारलं नाही. रेकॉर्ड खपली."

त्यानंतर आम्ही बोलायला लागलो. संध्याकाळी पडवीवर ते त्यांच्या दारापाशी खुर्ची घेत, मी माझ्या उंबऱ्यावर बसे. हळूहळू त्यांची हकीकत कळली. गडबच्या पश्चिमेला, खाडीला लागून एक गाव आहे, ते तिथले. घरची खारभातशेती, आणि उन्हाळ्यात सगळे मिठागरावर कामाला. गावच्या भजनात पेटी वाजवायला ते शिकले आणि विसाव्या वर्षी मिठाच्या गलबतावरून मुंबईला गेले. तिथे एका मोठ्या हॉटेलात कपबशा उचलायचं काम मिळालं. त्या हॉटेलात गोव्याच्या वादकांचा जॅझ बँड होता. दुपारी ते सराव करत तेव्हा काका टेबलं पुसत ऐकायचे. पियानो वाजवणाऱ्याने एकदा त्यांना बोटांनी टेबलावर ठेका धरताना पाहिलं आणि जवळ बोलावलं. ठेका आमच्या भजनातल्यापेक्षा वेगळा होता, जोर जिथे यायला हवा तिथे न येता मध्येच यायचा, पण माझी बोटं तिथेच पडायची, असं ते म्हणाले. त्या पियानोवाल्याकडून ते चाली बांधायला शिकले. मराठी शब्द लिहायचे, चाल करायची, आणि बँडवाले ती फॉक्सट्रॉट नावाच्या विलायती नाचाच्या ठेक्यात बसवायचे.

एका रेकॉर्ड कंपनीला असलं काहीतरी नवं हवंच होतं. त्यांच्या नऊ रेकॉर्ड निघाल्या. दोन्ही बाजू धरून अठरा गाणी. एक टेलिफोनवरचं विनोदी गाणं होतं, ज्यात बाई सारखी राँग नंबर म्हणते. ते ऐकून मी हसले, तेव्हा तेही हसले. एक ट्राममधलं होतं, एक चहावरचं. खोलीत एकच मायक्रोफोन असायचा. सॅक्सोफोनवाल्याला दाराजवळ उभं करायचे म्हणजे त्याचा आवाज गाण्यावर चढणार नाही. लाल दिवा लागला की साडेतीन मिनिटांत सगळं संपवायचं. शेवटच्या कडव्यात कोणी शिंकलं तर मेणाची चकती फुकट आणि पुन्हा पहिल्यापासून. चार वर्षं हे चाललं. मग बोलपटांची गाणी घरोघरी गेली आणि कंपनीने यांना बोलावणं बंद केलं. ते हॉटेलात बँडबरोबर पेटी आणि पियानो वाजवत राहिले. स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली, हॉटेलातली संध्याकाळच संपली. बँडवाले कोणी सिनेमात गेले, कोणी गोव्याला. काका रोह्याला आले, कारण अक्षर चांगलं होतं आणि इथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं.

एवढं करून त्यांच्याकडे स्वतःची एकही रेकॉर्ड नव्हती. मला ते सहन होईना. मी दर रविवारी पेणला जायला लागले आणि जुन्या ओळखीच्या घरांतून चौकशी करायला लागले. वडिलांच्या शाळेतल्या एका निवृत्त शिक्षकांच्या माळ्यावर दोन मिळाल्या, एका वकिलांच्या घरी दोन, त्यातल्या एकीला चीर गेली होती. माझ्याकडची धरून पाच झाल्या. प्रत्येक वेळी मी ती आणून लावायची आणि काका मान खाली घालून ऐकायचे. कधी म्हणायचे, हा व्हायोलिनवाला फार चांगला होता. स्वतःच्या गाण्याबद्दल काही बोलायचे नाहीत. मी एका रेडिओ केंद्राला पत्रही लिहिलं. उत्तर आलं की लेबलवर कवीचं नाव नसल्यामुळे काही करता येत नाही. ते पत्र मी त्यांना दाखवलं नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. रविवारी जायला ठिकाण होतं, परतल्यावर सांगायला माणूस होतं.

मग एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले की एक दहावी रेकॉर्ड आहे. विकायला आलेली नाही, नमुन्याची. होडीचं गाणं आधी त्यांनी स्वतःच्या आवाजात, मूळ शब्दांत गायलं होतं, कंपनीला चाल कशी आहे ते कळावं म्हणून. त्याची एकच प्रत निघाली. ती त्यांनी गावी बहिणीला पाठवली.

"मग बहिणीकडे आहे ती?"

"असेल. तिचं उत्तर आलं नाही." मग म्हणाले, "मीही परत गेलो नाही."

किती वर्षं, ते मी विचारलं नाही. रोह्याहून गडब एसटीने तासाभराचं अंतर. मला राहवलं नाही, मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. पावसाळा सरल्यावर, भात कापणीला येत असताना, खाडीचा बांध फुटला. खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून गावचे पुरुष फुटलेल्या जागी चिखल टाकत होते. बाजूचा बांध ढासळला आणि त्यांचे वडील त्याखाली गेले. मुंबईला तार आली त्या दिवशी दुपारी यांचं रेकॉर्डिंग होतं. बँड जमलेला होता. ते करून ते दुसऱ्या दिवशी लाँचने धरमतरला उतरले. बांध फुटल्याने गावची पायवाट गेलेली, म्हणून होडीने जावं लागलं. पण पाणी भांगाचं होतं. होडी चिखलात बसली आणि अर्धा दिवस तिथेच गेला. पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. बहीण त्यांच्याशी बोलली नाही. आई आधीच नव्हती. परत येऊन त्यांनी ते गाणं लिहिलं.

लोक त्याला प्रेमाचं गाणं समजत होते. माझी आईसुद्धा.

मी म्हटलं, मी जाते आणि बघते ती रेकॉर्ड आहे का. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बहिणीच्या घराची खूण मात्र सांगितली.

पुढच्या रविवारी ग्रामोफोन घेऊन मी गडबला उतरले. रस्ता ओलांडून शेतांमधून बांधावरून पाऊण तास चालत गेले, हात बदलत बदलत. डाव्या बाजूला मिठाचे वाफे, उजवीकडे कापलेली भातं. गावात चौकशी केली तेव्हा एका मुलीने घर दाखवलं. काकांची बहीण त्यांच्याहून थोरली, सत्तरीची असेल, पण ताठ होती. अंगणात जाळ्यावर सुकट पसरत होती. मी कुठून आले आणि कोणाकडून आले ते सांगितलं. ती हात धुऊन आली आणि म्हणाली, "ये गो बाय, बस." भावाबद्दल एकही प्रश्न तिने विचारला नाही. मी रेकॉर्डचं विचारलं तेव्हा ती आत गेली.

रेकॉर्ड तिने भाताच्या कणगीत ठेवली होती, जुन्या लुगड्याच्या चार घड्यांत. दर वर्षी कणगी रिकामी झाली की काढायची, पुसायची आणि नवं भात भरताना परत आत ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं. शाळेच्या मास्तरांनी एकदा लेबलवरचं वाचून दाखवलं होतं, की यावर तुझ्या भावाचं नाव शाईने लिहिलंय. ती वाजते हे तिला ठाऊक होतं. पण वाजवायचं यंत्र त्या गावात कधी आलं नाही, आणि कोणाच्या घरी घेऊन जायला तिचा जीव धजावला नाही. फुटली असती, म्हणाली.

चाळीस वर्षांच्या आसपास ती रेकॉर्ड त्या घरात होती आणि ऐकली कोणीच नव्हती.

मी पडवीत ग्रामोफोन उघडला, चावी दिली, नवी सुई लावली. आधी बराच वेळ खरखर झाली. मग पियानो, एकटाच. आणि मग एका तरुण माणसाचा आवाज. मी रोज ऐकत होते त्या म्हाताऱ्या आवाजाची त्यात ओळखही लागत नव्हती. शब्द साधे होते. भांगाच्या पाण्यात होडी निघंना, काठावर दिवा दिसतो, हाक ऐकू येते, पण पाणी नाही. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. गाणं संपलं तेव्हा म्हणाली, पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही, तरी मी लावलं.

मग ती बोलली. रागाने नाही, हिशेब चुकलेल्या पोराला सांगावं तसं.

"भांग नव्हता त्या दिसाला. कोजागिरीचं उधान व्हतं, म्हनून तर बांध गेला. पानी पार अंगनात व्हतं. होडी दाराशी लागली असती. तो आला आठव्या दिसाला. आठव्या दिसाला भांग असतोच."

काकांनी सांगितलं तेव्हाच ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. बांध फुटतो तो उधाणाला, आणि दुसऱ्या दिवशी भांग लागत नाही. पण मी शाळामास्तरांची मुलगी, पाण्याचं मला काय ठाऊक. ती मात्र त्याच पाण्यावर जगलेली होती. ओळ कानावर पडताच तिला कळलं.

तिने मला भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. निघताना रेकॉर्ड माझ्या हातात दिली नाही, पुन्हा लुगड्यात गुंडाळली. दारापर्यंत येऊन म्हणाली, "त्याला सांग, मना ठाव हाय. आनि ये म्हनावं."

परतीच्या एसटीत मी सगळा वेळ हे कसं सांगायचं याचा विचार करत होते. सांगूच नये असंही वाटलं. संध्याकाळी काका पडवीवर बसलेले होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, रेकॉर्ड नव्हती. मी जसं घडलं तसं सांगितलं. आठव्या दिवसाचंही.

ते म्हणाले, "आठच दिवस. बरोबर आहे तिचं."

त्या आठवड्यात चार गाणी उरकायची होती. नंतर बँड महाबळेश्वरच्या एका हॉटेलात जाणार होता आणि पुन्हा तो संच मिळाला नसता. पण ते एवढंच नव्हतं, ते म्हणाले. एकुलता एक मुलगा होतो. गेलो असतो तर शेत आणि बांध गळ्यात पडला असता, परत येता आलं नसतं. म्हणून मी गाणी पुरी केली. ती चारही गाणी चालली. "आणि सगळं पाण्यावर ढकललं. गाण्यात ढकललं, तुम्हाला सांगतानाही तेच. इतकी वर्षं सांगत आलो की मलाही तसंच झाल्यासारखं वाटायचं."

मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. आईच्या आजारपणात मीही काही गोष्टी वेगळ्या सांगत आले होते, भावाला, शेजाऱ्यांना. लग्न मीच नको म्हटलं, असं मी सगळ्यांना सांगायची. प्रत्यक्षात मला कोणी विचारलंच नव्हतं. पण त्या संध्याकाळी ते ओठांवर आलं नाही. मी उठून दिवा लावला.

तीन आठवडे ते गेले नाहीत. कचेरीत जायचे, यायचे, पडवीवर बसायचे नाहीत. चौथ्या रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, बूट पुसून निघाले आणि मला सांगूनही गेले नाहीत. संध्याकाळी परतले तेव्हा बुटांना खाडीचा चिखल होता. मी पाणी दिलं. भेटली का, विचारलं. भेटली, म्हणाले. फार बोलणं झालं नव्हतं. तिने जेवायला वाढलं, मग ती तिथेच पडवीत झोपली आणि हे बाजूला बसून राहिले. उठल्यावर तिने विचारलं की अजून गातोस का. हे नाही म्हणाले. मग तिने त्यांना सुकट उलटायला लावली.

त्यानंतर ते दर रविवारी जायला लागले. मग शनिवारपासूनच. पावसाळ्याआधी एक दिवस त्यांनी कचेरीबाहेरचं टेबल दुसऱ्या एकाला देऊन टाकलं आणि खोली सोडली. बहीण आता एकटीने बांधावर जाऊ शकत नाही, म्हणाले. सामान एका ट्रंकेत मावलं. मी जमवलेल्या पाच रेकॉर्ड घेऊन जा म्हटलं, तर त्यांनी नको म्हटलं. तिथे एक आहे ती पुरे, ती आम्ही कधीतरी कोणाचं यंत्र आणून ऐकू. मी ग्रामोफोन देऊ केला. तोही घेतला नाही. तुम्हाला लागेल, म्हणाले. एसटी स्टँडवर त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला, एखाद्या वडीलधाऱ्याला करावा तसा. मला तो घेता आला नाही.

पलीकडची खोली वर्षभर रिकामी होती. मग तिथे धाटावच्या एका कंपनीतले दोन कामगार राहायला आले. त्यांच्या शिफ्टा वेगवेगळ्या असायच्या, त्यामुळे एकजण कायम झोपलेला असायचा. मी ग्रामोफोन लावणं सोडून दिलं. रविवारी कपडे धुवायची, पत्रं लिहायला बसायची आणि दोनचार ओळींवर थांबायची.

काका वारल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. त्यांच्या गावचा कोणी एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल लावायला आला होता, बोलता बोलता त्याने सांगितलं. शेवटपर्यंत बांधावर जायचे, म्हणाला. गावात भजनाला पेटी वाजवायचे. गाणी लिहायचे का, मी विचारलं. त्या माणसाला माझा प्रश्न समजला नाही. तो म्हणाला, ते लोकांचे अर्ज लिहायचे, फार चांगलं अक्षर होतं. त्याचा नंबर लागला तेव्हा मी त्याला बूथमध्ये जायला सांगितलं आणि लाइन जोडून दिली.

पुढच्या रविवारी मी पेणला जायच्या एसटीत बसले आणि गडबला उतरले. त्यांच्या बहिणीला भेटायचं ठरवूनच निघाले होते. रस्त्याच्या पलीकडे बांधाची वाट दिसत होती. बराच वेळ एका दुकानाच्या सावलीत उभी राहिले. ती मला काय म्हणेल आणि मी काय म्हणेन, याचा विचार केला. तिचा भाऊ तिला मिळाला होता आणि गेला होता. माझं तिथे काय होतं, ते मला सांगता आलं नसतं. दुकानदाराने विचारलं कुठे जायचंय. पेणला, मी म्हटलं. पुढची गाडी आली तिच्यात चढले, आणि पेणच्या घराचं कुलूप काढून बंद खोल्यांच्या खिडक्या उघडल्या.